कवटी नेमकी कोणासाठी छापली?

सिगारेटच्या पाकिटावर धोक्याच्या इशाऱ्याला ८५ टक्के जागा सोडावी लागते. १ एप्रिल २०१६ पासून देशभर हा नियम आहे. कीटकनाशकाच्या बाटलीवर धोक्याच्या खुणेला किती जागा? कीटकनाशक नियम, १९७१ सांगतात: लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा. म्हणजे सव्वासहा टक्के. सिगारेट माणसाला कित्येक वर्षांनी गाठते. बाटलीतलं द्रव्य एका दुपारीत गाठू शकतं. तरी हिशेब असा उलटा.

ही खूण जवळून बघा. १०० मिलीच्या बाटलीचं लेबल समोरून समजा पाच बाय सहा सेंटिमीटरचं आहे. तीस चौरस सेंटिमीटर. त्याचा सोळावा हिस्सा जेमतेम दोन चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे चौकोनाची बाजू दीड सेंटिमीटरसुद्धा नाही. शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा. हा चौकोन ४५ अंशांत टोकावर उभा करायचा आणि आडवी रेघ मारून त्याचे दोन त्रिकोण करायचे. वरच्या त्रिकोणात शब्द, आणि विष सगळ्यात जहाल असेल तर कवटी व हाडांची फुली. खालच्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे किंचित विषारी. लाल आणि पिवळ्यावर ‘विष’, निळ्यावर ‘धोका’, हिरव्यावर ‘सावधान’. उरलेलं सगळं घडी घातलेल्या माहितीपत्रकात. ते हिंदी, इंग्रजी आणि जिथे माल विकायचा तिथल्या भाषेत छापावं लागतं, म्हणून मराठीही असते. पण अक्षर एवढं बारीक की चष्मेवाल्यालाही पत्रक उजेडात धरावं लागतं.

कागदावर ही यंत्रणा पूर्ण आहे. रंग आहे, चित्र आहे, शब्द आहे, पत्रक आहे. कोणीही अधिकारी बोट ठेवून दाखवू शकतो की बघा, आम्ही सांगितलं होतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. सांगितल्याची नोंद झाली. सांगणं झालंच नाही.

यवतमाळ जिल्ह्याला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. २०१७ च्या खरिपात, जुलै ते ऑक्टोबर या काळात, कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात खाटा कमी पडल्या. बोंडअळीचं वर्ष होतं, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, आणि पाठीवरच्या पॉवर पंपाचा बारीक फवारा वरून तोंडावर परत येत होता. चौकशी पथक नेमलं गेलं. त्या काळात एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आलं: हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, लेबल वाचलं नाही.

लेबल वाचलं नाही. हे वाक्य बोलणाऱ्याने कधी महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावात फवारणीच्या दिवशी सकाळी वावरात उभं राहून बघावं, बाटली कोणाच्या हातात असते. कृषी केंद्रातून ती मालक आणतो. दुकानदाराने तोंडी सांगितलेलं असतं: “पंपाले हे तीस मिली टाका, अन् हे पंधरा. सकाळी अळी खाली दिसते.” मालक धुऱ्याजवळ ड्रममध्ये पाणी भरतो, दोन-तीन बाटल्या ओततो, काडीने ढवळतो. टोपण हेच माप. मजूर आला की त्याचा पंप त्या ड्रममधून भरला जातो. त्याने बाटली पाहिलेलीच नसते. लेबल विकत घेणाऱ्यासाठी छापलेलं आहे, विष मात्र मजुराच्या अंगावर पडतं. दोघे एकच माणूस असतील असं नियम लिहिणाऱ्याने गृहीत धरलं. मजुरीने फवारणी करणाऱ्याच्या बाबतीत ते गृहीतक पहिल्याच सकाळी कोसळतं.

आणि मालकाने तरी काय वाचायचं? पिवळ्या खुणेची बाटली आणि निळ्या खुणेची बाटली एका ड्रममध्ये गेली की त्या पाण्याची खूण कोणती? या चार रंगांना मिसळणीचं व्याकरणच दिलेलं नाही. रंग ठरतो तो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून: एका वेळी पोटात किंवा कातडीवाटे किती मात्रा गेली की अर्धे प्राणी मरतात. दिवसभर, घामेजल्या अंगावर, तीन द्रव्यांचं मिश्रण, तेही नाकातोंडातून आत जाणारं, त्याबद्दल तो त्रिकोण काही बोलत नाही. तरीही आपण त्याला इशारा म्हणतो.

इथे कोणी चटकन म्हणेल की लोक अडाणी आहेत. मला हा शब्द सहन होत नाही. फुलसावंगीचं नाव २०२१ मध्ये देशभर झालं ते आठवीपर्यंत शिकलेल्या, वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका तरुणामुळे. त्याने व्हिडिओ बघून स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर उभं केलं आणि ऑगस्टमध्ये त्याची चाचणी घेताना पात्याच्या घावाने जीव गमावला. जे गाव यंत्राचा एकेक सांधा वाचू शकतं, त्याला वाचता येत नाही असं कसं म्हणायचं? कापूस पिकवणारा माणूस दिवसभर खुणाच वाचत असतो. पाकळ्या उघडल्या नाहीत, फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलं, तर ती डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी आहे हे त्याला फूल न फोडता कळतं. कामगंध सापळ्यात मादीचा कृत्रिम गंध ठेवतात आणि नर पतंग येऊन अडकतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, हा हिशेब कृषी विद्यापीठांनी आणि नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेने गावोगावी पोचवला. ज्यांनी तो दाखवून शिकवला, त्यांच्याकडून लोक शिकले. किडीची भाषा वाचणारा माणूस बाटलीची भाषा वाचत नसेल, तर चूक वाचणाऱ्यात शोधणं हा आळस आहे.

चूक त्या चार रंगांत आहे.

लाल, पिवळा, निळा, हिरवा. दिल्लीत बसून हे चार रंग निवडले तेव्हा ते मोकळेच होते असं समजलं गेलं असावं. गावात एकही रंग मोकळा नसतो. हिरवा रंग बिस्किटाच्या पुड्यावर असतो, चौकोनातला हिरवा ठिपका, अर्थ शाकाहारी. सिग्नलचा हिरवा म्हणजे जा. दर्ग्याची चादर हिरवी. सेंद्रिय मालाची जाहिरात हिरवी. या सगळ्या हिरव्यांनी माणसाला एकच शिकवलेलं असतं: भ्यायचं कारण नाही. त्यावर आपण ‘किंचित विषारी’ छापतो. निळा हा जयभीमचा रंग, निळा झेंडा बघून छाती फुगते, धोका आठवत नाही. पिवळा हळदीचा आणि खंडोबाच्या भंडाऱ्याचा. पांढरा कुठल्याही बंजारा तांड्यात सेवालाल महाराजांच्या झेंड्याचा, म्हणून पुढे-मागे कोणी पाचवा रंग शोधायला निघालं तर तोही सुटा नाही. आणि लाल? लाल कुंकवाचा, लाल एसटीचा. पण त्याहून मोठी गोष्ट नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात कशी आली नाही याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग म्हणजे टोक खाली असलेला त्रिकोण. अतितीव्र विषावर तो लाल. टोक खाली असलेला लाल त्रिकोण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून याच सरकारने देशभरच्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर रंगवला आहे. कुटुंब नियोजनाची खूण. दोन-तीन पिढ्यांनी ती खूण बघितली, अर्थासकट पाठ केली. १९७१ मध्ये जवळजवळ तीच आकृती, त्याच रंगात, दुसऱ्या खात्याने मृत्यूसाठी वापरली. एकाच सरकारच्या दोन खात्यांनी एकमेकांच्या भिंती वाचल्या नाहीत.

खुणेचा अभ्यास करणाऱ्यांनी हे कधीच सांगून ठेवलं आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स पर्सने खुणांचे तीन प्रकार केले. एक, दिसण्यावरून कळणारी, जसं नकाशा किंवा चित्र. दुसरी, कारणाने बांधलेली. डोंगरावर धूर दिसला म्हणजे आग असणार, हे आपल्या न्यायशास्त्राचं जुनं उदाहरण याच जातीचं. तिसरी निव्वळ ठरवलेली. सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणून तिचा तो अर्थ. नैयायिक तिला संकेत म्हणतात, आणि शब्दाचा अर्थ संकेतानेच चिकटतो असं त्यांचं म्हणणं. स्वित्झर्लंडच्या फेर्दिनां द सोस्यूरची व्याख्यानं १९१६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपात आली, त्यांचा गाभाही हाच. यातून एक साधी गोष्ट निघते: ठरवलेली खूण, ज्याने ठरवण्यात भाग घेतला किंवा ज्याला ते ठरवणं कोणी सांगितलं, त्याच्यापुरतीच खूण असते. बाकीच्यांसाठी ती रंगाचा डाग.

विदर्भात हे कळायला परदेशात जायची गरज नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत आणि इतर सांकेतिक लिप्यांत लिहिले, ते परक्याला कळू नयेत म्हणूनच. शतकानुशतकं ते बाहेरच्यांना कळले नाहीत. किल्ली पंथातल्या माणसाकडे होती आणि ज्याला द्यायची त्यालाच ती दिली जाई. तिथे लपवणं हा हेतू होता, म्हणून ती लिपी यशस्वी. बाटलीवरची लिपी उघड करण्यासाठी आहे आणि तिची किल्ली राजपत्रात आहे. फुलसावंगीत राजपत्र कोण वाचतं?

कवटीचं तरी काय? कवटी बघून भीती वाटते हे आपल्याला सहज वाटतं, कारण आपण सिनेमे बघितले, विजेच्या खांबावरची पाटी बघितली. पण कवटीही ठरवलेलीच खूण आहे. इराकने त्याची किंमत मोजली. १९७१ च्या शेवटी तिथे पेरणीसाठी परदेशातून गहू आणि बार्ली आली, बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याच्या संयुगात घोळलेली. पोत्यांवर कवटी होती, इशारे होते, पण परक्या भाषेत. दाणे ओळखू यावेत म्हणून लालसर रंगवले होते. खेड्यांत लोकांनी दाणे धुतले. पाणी लाल झालं, रंग गेला, दाणे साध्या गव्हासारखे दिसले. विष रंगात आहे आणि तो धुतला गेला असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याच्या रोट्या केल्या. लक्षणं काही आठवड्यांनी दिसू लागली. ६,५३० माणसं इस्पितळात दाखल झाली आणि त्यातली ४५९ दगावली, हा नोंदलेला आकडा. रंगवलेलं बियाणं आपल्याकडेही आहे. कपाशीचं बी पाकिटातून निघतं ते औषध लावून रंगवलेलंच, आणि जूनमध्ये बाया ते उघड्या हाताने टोबतात. त्या रंगाचा अर्थ त्यांना कोणी सांगितला?

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. १९८१ मध्ये अमेरिकेत एक गट बसवला गेला. अणुभट्टीचा कचरा जमिनीत पुरायचा होता आणि तो दहा हजार वर्षं घातक राहणार होता. दहा हजार वर्षांनी तिथे खणायला येणाऱ्या माणसाला आपली भाषा येत नसेल, आपली चिन्हं कळत नसतील, मग त्याला ‘इथे खणू नको’ हे कसं सांगायचं? या कामावर त्यांनी थॉमस सेबियोक या चिन्हशास्त्रज्ञाला लावलं. त्याचा अहवाल १९८४ मध्ये आला. त्याने स्पष्ट लिहिलं की कुठलीही एक खूण एवढा काळ टिकणार नाही. प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला अर्थ सांगत राहायची व्यवस्था लागेल. मला हे वाचून बरं वाटलं आणि रागही आला. अजून जन्मही न झालेल्या, दहा हजार वर्षांनी येणाऱ्या माणसासाठी खुणा जाणणाऱ्याला बोलावणं सुचतं. उद्या सकाळी सात वाजता पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरासाठी का सुचत नाही?

आणि आपल्या देशाला जमत नाही असंही नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक मतदारांना अक्षरओळख नव्हती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने पक्षांना रोजच्या ओळखीच्या वस्तूंची चित्रं दिली आणि उमेदवारागणिक चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवली. लोकांनी ती चिन्हं अचूक वाचली. चिन्हाची किंमत पुढाऱ्यांना इतकी नीट माहीत आहे की शिवसेना फुटली तेव्हा धनुष्यबाणासाठी आणि राष्ट्रवादी फुटली तेव्हा घड्याळासाठी निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालय अशा दोन्हीकडे लढाई झाली. मत मागायचं असलं की खूण ठळक हवी, प्रत्येक खांबावर हवी, तांड्यावर बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत सांगणारा माणूसही हवा. जीव वाचवायचा असला की दीड सेंटिमीटर पुरतो.

खुद्द आपला कीटकनाशक कायदाही एका न वाचलेल्या धोक्यातून जन्मलेला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे विष खाण्याच्या मालासोबत वाहून आणलं गेलं, ते पिठात उतरलं आणि शंभरावर माणसं मेली. त्यावर आयोग बसला आणि पुढे १९६८ चा कायदा झाला. त्या कायद्याच्या नियमांतला हा तिरका चौकोन आज पन्नाशी उलटूनही तसाच आहे. मधल्या काळात तंबाखूच्या पाकिटावरचं चित्र बदललं, वाढलं, पुन्हा बदललं, कारण लोक बघून सरावले की इशारा बोथट होतो हे आरोग्य खात्याला कळलं. कृषी खात्याला ते अजून कळायचं आहे.

मला काय हवं आहे ते सरळ सांगतो. खुणेला लेबलचा निम्मा भाग द्या. प्रत्येक बाटलीसोबत एक मोठी चिकटपट्टी द्या, ती ड्रमवर आणि पंपाच्या टाकीवर लावायची, म्हणजे बाटली न बघणाऱ्या मजुरापर्यंत खूण पोचेल. पंपाची टाकी ही मजुराच्या पाठीवर असते, तिच्यावरचं चित्र मागून येणारा दुसरा मजूर दिवसभर बघतो. इतकी चांगली जागा एकाही जाहिरातदाराने सोडली नसती. चित्र कवटीचं नको. डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला फेस, दरदरून घाम, गुडघ्यावर बसलेला माणूस: विषबाधेची ही लक्षणं आहेत, ती दिसण्यावरून कळतात, त्यांना किल्ली लागत नाही. फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावर काहीतरी बांधायची पद्धत पाडा, कारण दुसऱ्या दिवशी शेळ्या घेऊन येणाऱ्या पोराला कालचा फवारा दिसत नाही. काय बांधायचं, फडकं की डहाळी, रंग कोणता, हे मुंबईत ठरवू नका. कुठल्या रंगाचा झेंडा कोणाच्या घरावर आहे हे गावाला माहीत असतं, तुम्हाला नसतं.

आणि काहीही छापण्याआधी ते तपासा. दक्षिण आफ्रिकेत संशोधकांनी फवारणीच्या बाटल्यांवरची चित्रं शेतमजुरांना दाखवून अर्थ विचारला, तेव्हा अनेक चित्रांचे भलतेच अर्थ निघाले. विचारलं म्हणून कळलं. आपल्याकडे औषध किडीवर चालतं की नाही याच्या चाचण्या हंगामामागून हंगाम होतात. खूण माणसावर चालते की नाही याची एक चाचणी, नोंदणीच्या फायलीत, सक्तीची का नसावी? फुलसावंगीत वीस माणसं बसवा, दहा मालक, दहा मजूर, त्यात बाया हव्यात, तांड्यावरचे हवेत, उर्दू बोलणारे हवेत. बाटली हातात द्या आणि एकच विचारा: हे काय सांगतंय? वीसपैकी अठरांनी बरोबर सांगितलं तर छापा. नाहीतर परत काढा.

सरकार हे करेल तेव्हा करेल. ग्रामपंचायतीला राजपत्राची वाट बघायचं कारण नाही. कपाशीवरची जड फवारणी ऑगस्ट-सप्टेंबरात येते, तिच्याआधी १ मेची ग्रामसभा मिळते. बसस्टँडजवळची एखादी भिंत, चार रंग, प्रत्येक रंगासमोर लक्षणाचं चित्र, खाली दवाखान्याचा आणि १०८ चा नंबर, आणि भिंत रंगवून झाल्यावर कोतवालाने तांड्यातांड्यावर जाऊन ती तोंडाने वाचून दाखवायची. एवढ्यासाठी १ मेचा एक ठराव पुरतो.